झेंडूच्या ओट्यांची यादी

नववीत शाळा सुटली आणि घरच्यांबरोबर मीही द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे उतरले. पुढे मावसबहिणीच्या ओळखीनं नाशकात टायपिंग शिकले, आणि वेबसाइट बनवणाऱ्या एका लहानशा ऑफिसात महिन्याच्या बोलीवर लागले. जमलं तर राहायचं, नाहीतर पुन्हा छाटणीला. गाव सुरगाण्याच्याही पुढे. एकदा परत गेले की पुन्हा येणं होणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तो महिना नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी संपत होता.

शेजारच्या खुर्चीवरच्या ताईंनी मला अ‍ॅरे, म्हणजे कॉम्प्युटरमधली यादी, शिकवला. "ओळीनं मांडलेले डबे समज. प्रत्येकाला नंबर, फक्त मोजणी शून्यापासून." माझी शाळा त्यांनी एकदाही विचारली नाही. त्याचे उपकार मी अजून मानते.

काम फुलं पिकवणाऱ्यांच्या एका संस्थेचं होतं. दसऱ्याला झेंडू विकायला बाजारातले चाळीस ओटे चिठ्ठ्या टाकून वाटायचे. पहिली चिठ्ठी निघेल त्याला पहिला ओटा, दुसरीला दुसरा. त्यामुळे त्यांच्या कागदावर नुसती नावं, निघाली त्या क्रमानं. नंबर कुणी लिहीतच नसे. मी नावं तशीच अ‍ॅरेत भरली. आडनाव टाकलं की त्याच्या डब्याच्या नंबरात एक मिळवून ओटा दिसायचा. टाकताना कुणी पुढेमागे मोकळी जागा सोडली तर ती कापायचंही शिकले.

शेवटी ऑफिसचे मालक, आमचे सर, म्हणाले, "खाली सगळी नावं अक्षरांच्या क्रमानं दाखव." मी यादीला दुसरं नाव दिलं आणि त्या दुसरीला क्रम लावला. नवं नाव दिलं म्हणजे नवी यादी झाली, असं धरून चालले. दोन-तीन आडनावं टाकून बघितली, आकडे आले. कागदाशी ताडले नाहीत. संध्याकाळी सरांनी पान वेबसाइटवर चढवलं.

सकाळी संस्थेचे अध्यक्ष आले. सोबत झेंडूवाल्या एक काकू. सरांनी काकूंचं आडनाव टाकलं. एकतीस.

"एकतीस कसं?" काकू म्हणाल्या. "माझी पयली चिठ्ठी निघाली. कोपऱ्याचा ओटा हाय माझा."

"वहिनी," अध्यक्ष म्हणाले, "कॉम्प्युटर चुकतो का? तुम्हीच विसरल्या असाल."

"आबा, पोराचं बारसं इसरंल मी. पयली चिठ्ठी नाय इसरायची."

अध्यक्ष हसले. "मशीनशी भांडू नका. काल सायबर कॅफेत बसून हेच बघून सोळा जणांना फोनवर ओटे कळवलेत मी."

माझी नजर खालच्या यादीवर गेली. मनातल्या मनात मोजलं. काकू तिथे एकतिसाव्या होत्या.

दहा मिनिटं गप्प बसले असते तर ते दोघं गेले असते आणि मी गुपचूप दुरुस्त केलं असतं. काकू मात्र आता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, आपलंच चुकलं की काय अशा चेहऱ्यानं.

"काकूंचं बरोबर आहे," मी म्हणाले. "माझं चुकलंय."

सर हळू आवाजात म्हणाले, "काय चुकलंय?"

"यादी एकच आहे सर, नावं दोन. खालची अक्षरांनी लावली, तशी वरची ओट्यांचीपण हलली."

ताई कीबोर्डला हात न लावता शेजारी येऊन बसल्या. "आधी यादीची कॉपी काढ. मग कॉपीला क्रम लाव."

माझी बोटं दोनदा चुकली. मग काकूंचा ओटा एक आला. ताईंनी कागद वाचला आणि मी चाळीसही नावं टाकून बघितली.

"आणि माझे फोन?" अध्यक्ष म्हणाले.

सरांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "हिनं चुकवलंय, हीच सांगेल."

सोळा फोन केले. एकानं आईवरून शिवी दिली. एक म्हणाला, "आधीचाच बरा व्हता, त्योच राहू द्या की." शेवटचा फोन होईपर्यंत काकू बसून होत्या. जाताना म्हणाल्या, "मला येडी ठरवली असती पोरी, समद्यांनी."

संध्याकाळी मी सरांपुढे उभी राहिले. "महिना संपला, सर."

"माहितीये." त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. "उद्या दसरा. परवा नेहमीच्या वेळेला ये. आल्यावर आधी मला सांग, कागदाशी का ताडलं नव्हतंस."