सैल काज

गल्लीत सगळे तिला काजवाली म्हणत. शर्ट शिवायचा शिंपी मास्तरांनी. त्याला काजे करून, बटणे टाकून, ती सगळी लावून, घडी घालून द्यायचा काजवालीने. मशीनवर काजे होत होती, पण चांगल्या शर्टाला हातचेच काज हवे असा मास्तरांचा हट्ट होता. काजाचा काठ ती असा गच्च भरायची की कापड विरून जाईल, पण काज उसवणार नाही. हे ती स्वतः कधी सांगत नसे. दुसऱ्या कुणी सांगितले तर मात्र नाही म्हणत नसे.

तिची एकुलती लेक नऊ वर्षांची होती. घरात तिला ठकी म्हणत. ठकी जन्मल्यावर उशिरा रडली, मग मान उशिरा धरली, उशिरा बसली, उशिरा चालली. बोलणे तेवढे आलेच नाही. काही दाखवायचे असले की ती आईच्या मनगटावर दोन बोटांनी टकटक करायची. ती टकटक म्हणजे ‘बघ’. पण त्याच बोटांत जोर कमी होता आणि ती एकमेकांचे ऐकत नसत.

नदीपलीकडे अशा मुलांची निवासी शाळा होती. भाजी निवडणे, कपडे वाळत घालणे, घड्याळ बघणे, बसचे तिकीट काढणे, सगळे तिथे हाताला धरून शिकवत. अट एकच होती. मुलाने आपले कपडे आपण घालायचे, बटणांसकट. काजवाली एकदा ती शाळा बघून आली होती. ठकीहून थोडी मोठी एक मुलगी तिथे सगळ्यांची ताटे मांडत होती, कुणी न सांगता. त्या दिवसापासून काजवालीला दुसरे काही सुचेना. सुई चालू असे आणि मनात ठकी ताटे मांडत असे. एक, दोन, तीन.

समोर राहणारी नणंद जिभेची तिखट होती. ठकीचे ओले केस पुसायला तीच आधी धावायची, पण बोलल्याशिवाय राहायची नाही. “वहिनी, साऱ्या दुनियेची बटणं लावतेस,” ती एकदा म्हणाली, “आणि लेकीचं एक जमेना होय?”

हे बोलणे काजवालीला लागले. त्या आठवड्यात तिने ठकीच्या शर्टाची काजे उसवून मोठी केली आणि काठ पुन्हा भरले. बटण सरेना, म्हणून आणखी मोठी केली. आता बटण नुसते टेकवले तरी आत जाई. चार दिवसांत ठकी पाचही बटणे लावू लागली आणि काजवालीचे मनगट टकटकीने लाल झाले. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता. त्याला तिने फोन करून सांगितले. तो म्हणाला, मी येईपर्यंत तिच्याकडून माझा कोट शिवून घेशील तू.

शाळेत दाखवायला नेले त्या दिवशी ठकीने बाईंसमोर पाचही बटणे लावली. बाई खूश झाल्या, तिला म्हणाल्या, जा, झोका खेळून ये. झोक्यापर्यंत पोचेस्तोवर तीन बटणे सुटली होती, आणि दोन झोक्यांत उरलेलीही. ठकीला त्याचे काहीच वाटले नाही. ती हसली आणि पुन्हा लावायला लागली. बटणे लावायची ती सुटण्यासाठीच, अशी तिची समजूत झाली होती.

बाईंनी शर्टाची कड हातात घेतली आणि काजात आपले बोट घातले. ते आरपार गेले.

“कुणी केलं हे काज, ताई?”

“मीच.”

“काम सुंदर आहे. पण काजानं बटण धरून ठेवायला हवं. हे तर सोडून देतंय.”

काजवालीची मान खाली गेली. आजवर तिच्या काजाला कुणी नाव ठेवले नव्हते, आणि आता ठेवले ते खरे होते.

पुढच्या सत्राला चार महिने होते. शेवटाकडून सुरुवात करा, बाईंनी सांगितले. बटण तुम्ही अर्धे काजातून काढा आणि उरलेले तिला ओढू द्या. ते जमले की तुमचा वाटा थोडा कमी करा. मात्र शेवटचा हात नेहमी तिचा.

जन्मभर काजे पाडणारी बाई मग काजे बुजवायला बसली. दर सोमवारी ठकीच्या प्रत्येक काजाला एक टाका घालायचा आणि ते तेवढेसे लहान करायचे. बोटांत जोर यावा म्हणून दोरीवरचे चिमटे ठकीनेच लावायचे आणि काढायचे. दुपारी बटणांचा डबा जमिनीवर ओतून मोठी एकीकडे, लहान एकीकडे करायची. ठकीला निळी बटणे आवडत. ती मोठी असोत की लहान, ती आपल्याच मुठीत ठेवायची.

बटण काजाच्या तोंडाशी अडले की काजवालीचे हात शिवशिवत. निम्मा दिवस ज्या कामात जातो तेच काम समोर अडलेले बघणे सोपे नसते. शेवटी ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसू लागली.

“अंडी उबवतेस काय, वहिनी?” नणंदेने दारातून विचारले.

ठकी खुदकन हसली, आणि हसता हसता तिने बटण ओढले. ते बसले. काज तेव्हा शर्टाच्या मूळ मापाला आले होते. संध्याकाळपर्यंत काजवालीने दहादा बघितले. बटण जागचे हलले नव्हते.

चार महिन्यांनी बाईंसमोर ठकीने पुन्हा पाच बटणे लावली. एक काज चुकले होते, त्यामुळे कॉलर एका बाजूने वर गेली. काजवालीचा हात आपोआप पुढे झाला.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “सुटलं तर नाही ना?”

सुटले नव्हते. वाकड्या कॉलरने ठकी बाईंचा हात धरून आत निघाली. काजवाली फाटकाशी थांबली, ती मागे वळून बघेल म्हणून. ठकी वळली नाही. व्हरांड्यात कोपऱ्यात ताटांची चळत होती. तिने बाईंच्या मनगटावर दोन बोटांनी टकटक केली आणि ती ताटे दाखवली.

पहिली सुट्टी तीन महिन्यांनी होती. घर आवरलेले राहू लागले. बटणे डब्यातच राहू लागली, निळीसुद्धा. शिवताना हात थांबला की काजवालीचे मनगट उगाच मांडीवर उताणे पडलेले असे.

एक दिवस मास्तरांनी शर्टांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. “वहिनी, आठवडाभर बघतोय. खालची सगळी नीट आहेत, पण प्रत्येक शर्टाचं वरचं बटण अर्धंच आत. नजर कमी झाली का?”

तिने वरचा शर्ट उचलला. बटण काजात अर्धे अडकून होते, कुणी दोन बोटांनी ओढून घ्यावे असे.

“नजर चांगली आहे, मास्तर,” ती म्हणाली. “शेवटचा हात माझा नसतो, म्हणून राहिलं.”

मास्तरांनी अंगठ्याने एकेक बटण ओढून घेतले. दुसऱ्या दिवशीच्या शर्टांचीही वरची बटणे अर्धीच होती. त्यांनी तीही ओढून घेतली.