भिशीची साक्ष

रायपूरच्या चौबे कॉलोनीतले ते दुमजली घर अच्युतच्या नावावर होते आणि कर्जाचे हप्तेही त्याच्याच पगारातून कापले जात. त्यामुळे संसार मोडायची वेळ आली तेव्हा, घरात बायकोचा छदामही नाही, असे तो छातीठोकपणे सांगू लागला. प्रमोदिनीचे म्हणणे निराळे होते. भाड्याच्या खोल्यांत असताना तिने लाडू-चिवडा विकून भिशी भरली आणि घर घेताना आगाऊ द्यायची सारी रक्कम त्या भिशीतूनच उभी राहिली. आता खालच्या मजल्यावर तिचा तोच धंदा चालत होता. घर हातचे गेले, तर चूलही विझणार होती.

अडचण एकच होती: भिशीला कागद नव्हता. त्या बायकांत पावती मागणे म्हणजे अपमान. मात्र एक रिवाज त्या काटेकोरपणे पाळत. जिच्या नावाने भिशी उघडे आणि रक्कम हाती येई, तिने सगळ्यांना खाऊ घालायचे आणि पैसा कशाला लावणार, हे सर्वांसमक्ष बोलून दाखवायचे.

कॉलोनीत आजही सांगतात की, भिशीच्या साऱ्या बायकांनी जाऊन कौटुंबिक न्यायालय दणाणून सोडले. हे खरे नाही. प्रमोदिनीसोबत एकच बाई गेली, आणि ती होती अच्युतची आई, सरोजिनीबाई.

न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी विचारले, "अम्माजी, आप किसकी तरफ से हैं? बेटे की या बहू की?"

"भिशी की तरफ से," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

अच्युत ओशाळला. "आई, तुले काय समजते यातलं? आगाऊ रक्कम मी जीपीएफमधून काढली होती."

"जीपीएफ काढून तू मोटारसायकल आणली, पोट्ट्या! भिशी उघडली त्या दिवशी बायकोनं सगळ्यांसमोर सांगितलं, हा पैसा घराले. तू तिथंच वडे खाऊन राहिला होता. वर म्हणाला, 'चला, माझा भार हलका झाला.' मी काय बहिरी होती?"

प्रमोदिनीला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला.

समुपदेशक बाई मात्र हसल्या नाहीत. नुसत्या आठवणीवर त्या निकाल लावणाऱ्यांतल्या नव्हत्या. "अच्युतजी, अगली तारीख पर जीपीएफ का हिसाब ले आइए. बात साफ़ हो जाएगी."

भविष्य निर्वाह निधीचा तो हिशेब अच्युतच्याच कार्यालयात होता. तो मिळवणे त्याला मुळीच अवघड नव्हते आणि त्यात काय निघेल, हेही तो ओळखून होता. मग म्हणाला, "हिसाब की ज़रूरत नहीं. आधा घर इसके नाम लिख दीजिए."

"खालचा मजला," प्रमोदिनी शांतपणे म्हणाली. "आणि रजिस्ट्रीत माझं नाव. तोंडी नाही चालणार."

पुढच्या तारखेला तडजोडीवर दोघांच्या सह्या झाल्या. रजिस्ट्रीही यथावकाश पार पडली.

सह्यांच्या दिवशी न्यायालयाच्या फाटकाशी अच्युतने आईसाठी गाडीचे दार उघडले. त्याला शहरापासून दूर, नवा रायपूरमध्ये सरकारी क्वार्टर मिळाले होते. "चल आई, घरी."

"तिथं? दिवसभर बसची वाट पाहत बसू काय मी?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "येशील भेटाले. जेवूनच जाशील."

आणि गुडघा दाबत, कुरकुरत, त्या सुनेच्या स्कूटीवर मागे बसल्या. प्रमोदिनीने हॉर्न वाजवला. रस्ता मोकळा होता, तरी वाजवला.