पिंडापुढचा शब्द

साळुबाईशी भांडण काढायचं असेल तर सकाळीच काढावं, असं वाडीत म्हणत. कारण ते दिवेलागणीपर्यंत पुरायचं. लोणीच्या पलीकडच्या त्या वाडीत तिला सगळे 'तारीखवाली' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं.

हे नाव पडलं नव्वदीच्या सुमाराला. सख्खा दीर गेणभाऊ यानं ऐन कांदेकाढणीत बाभळीच्या फांद्या टाकून तिच्या शेताची वाट बंद केली. तिचा नवरा कुंडलिक तसा गाईसारखा माणूस, पण त्या दिवशी त्याचंही डोकं फिरलं. वळचणीला खोचलेला कोयता उपसून तो निघाला. साळुबाई दारात आडवी झाली.

"सर बाजूला! आज त्याचा मुडदाच पाडतो!"

"पाडा की. मग तुमी जाल येरवड्याला, अन् वाट ऱ्हाईल गेणभावजीच्या पोरांला. आना तो कोयता हिकडं. बैलं उपाशी हायत."

आणि खरोखरच त्या कोयत्यानं ती ओसरीसमोर कडबा तोडायला बसली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मंचर, तिथून घोडेगावचं कोर्ट. थोरला गोरख तिसरीत असताना लागलेली ती केस, तो दहावीला बसला तेव्हा निकालात निघाली. दर तारखेला साळुबाई फडक्यात भाकरी बांधून हजर. शेजारणी विचारायच्या, "लई दगदग व्हती गं, कटाळा न्हाई येत?"

"कटाळा कशाचा? गावात अंगावर धावून येणारा माणूस तिथं नाव पुकारलं की हात बांधून उभा ऱ्हातो. ते बघायला मी पायी बी जाईन."

वाट मोकळी झाली. गेणभाऊ दोन वर्षं बोलला नाही, मग एका दिवाळीला आपणच फराळाचं ताट घेऊन आला. साळुबाईनं चकली मोडून खाल्ली आणि "मीठ कमी हाय" म्हणाली. मिटलं.

गोरख पुढं मुंबईला गेला. मोठ्या स्टेशनाजवळ एका हॉटेलात कामाला लागला. नोव्हेंबर दोन हजार आठच्या त्या रात्री तो किटली घेऊन स्टेशनात चहा पोचवायला गेला होता. समुद्रातून आलेल्या माणसांनी तिथं बंदुका चालवल्या. गोरखचं लग्न जमत आलं होतं.

दशक्रियेला ओढ्याकाठचा घाट माणसांनी फुलून गेला. आपल्याकडं दहाव्याला भाषणं ठरलेलीच, पण या दहाव्याला मांडव, दोन कर्णे आणि जीपगाड्यांची रांग. ज्यांनी गोरखला कधी पाहिलं नव्हतं ते त्याच्या आठवणी सांगत होते. कोणी कमान जाहीर केली, कोणी चौकाला नाव.

डोकं भादरलेला धाकटा सुदर्शन पिंडापुढं बसला होता. कावळे समोरच्या बाभळीवर होते, पण खाली उतरेनात.

मग रीतीप्रमाणं एकेक जण पुढं झाला. कुंडलिक म्हणाला, "गोरख, तुझ्या आईला जपीन रं बाबा." कावळा नाही. मामा म्हणाला, "सुदर्शनला शिकवू." कावळा नाही.

पिंडापुढं दिलेला शब्द आपल्याकडं मागं घेता येत नाही. वाडीतल्या जानकूनं बापाच्या पिंडापुढं दारू सोडली, तर पुढं खोकल्याचं औषधसुद्धा तो हुंगून घ्यायचा.

तालुक्याचे पुढारी दादाभाऊ यांनी माइक हातात घेतला.

"गोरखला काय पायजे, ते मला ठावं हाय! त्याला बदला पायजे! तो पकडलेला हरामखोर, त्याला वकील कशाला? भरचौकात लटकवा! आणि आपल्यातच ऱ्हाऊन, आपलंच खाऊन..." इथं ते थांबले आणि बाजारपेठेच्या दिशेनं नुसतं पाहिलं. "आज इथून घरी जायचं न्हाई. सुदर्शन, उठ. भावाला शब्द दे. म्हण, दादा, आज बदला घेतो!"

टाळ्या पडल्या. पोरांनी मोटारसायकली सुरू केल्या. दादाभाऊ कुठं पाहत होते ते सगळ्यांना कळलं होतं. बाजारपेठेत मुसलमानाचं दुकान एकच, मुलाण्याचं सायकलदुरुस्तीचं. सुदर्शन ताडकन उठला. डोळे लाल. "दादा..." इतकंच म्हणाला.

"खाली बस!"

बायकांच्या घोळक्यातून साळुबाई उठली होती. घाटावर बाईनं पुढं यायचं नाही, त्यातून पोटचं पोर गेलेल्या आईनं तर नाहीच. जाऊ सारजाबाईनं तिचा पदर धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"वहिनी, तुमचं दुःख आमी समजतो," दादाभाऊ म्हणाले.

"समजता ना? मग आना तो माइक. एकटा तुमीच किती बोलाल, घसा बसंल."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. दादाभाऊंना माइक द्यावाच लागला.

"एक लेक गेला माझा. ऱ्हायलेल्याचा शब्द तुमी मागता? तुमची दोन पोरं हायत, दादाभाऊ. कुठं हायत? जीपमधी? उतरवा की! त्यांच्या हातात द्या काडी."

दादाभाऊंनी जीपकडं पाठ केली.

"ज्यांनी माझा गोरख मारला, त्यांना आता मुलाण्याचं दुकान जळालेलं पायजे. त्यासाठीच आले व्हते ते. मी न्हाई देणार. माझ्या घरातनं त्यांना एक काडी मिळायची न्हाई!"

"आन मग सोडून द्यायचं का त्यांना?" एक पोरगा मोटारसायकलवरूनच ओरडला.

"सोडतीय कोन? मी? मला ओळखतो का तू? वाटंसाठी मी सख्ख्या दिराला सोडला न्हाई! त्या मानसाला वकील द्या. दोन द्या. चौकात मारला तर तो म्हनंल, मी लढाईत मेलो. कसली लढाई? माझ्या पोराच्या हातात चहाची किटली व्हती. त्याला कोर्टात उभा करा आन सगळ्या जगापुढं वाचा, गोरख कुंडलिक, ह्याला ह्यानं मारलं. मग द्या फाशी. आन समिंदरावर पहारा कुनाचा व्हता, त्यालाबी उभा करा. त्याचं तर कुनी नावच काढंना!"

दादाभाऊ म्हणाले, "वहिनी, कोर्टात वर्षं जात्यात."

"जाऊ द्या. हे बघा गेणभावजी बसलेत." गेणभाऊनं मान खाली घातली. "त्या दिशी कोयता चालला असता, तर आज गोरखला खांदा द्यायला ते नसते, आन ह्यो बाप बी नसता. कोर्टात सात वर्षं गेली, मानसं दोनी ऱ्हायली. सुदर्शन, आता बोल. तुला जो द्यायचा तो शब्द दे. पन तुझा दे. दादाभाऊचा नको."

सुदर्शन पुन्हा पिंडापुढं बसला. मग हात जोडून म्हणाला, "दादा, तुझं नाव कोर्टात पुकारतील, तवा मी आईला घेऊन तिथं उभा असीन. निकाल लागंस्तवर."

सगळ्या घाटाच्या नजरा बाभळीवर गेल्या. एक कावळा फांदीवर सरकला, चोच घासली, आणि तिथंच बसला.

"बघा!" दादाभाऊ हात उंचावून म्हणाले. "न्हाई शिवला! त्याला बदलाच पायजे!"

"न्हाई शिवला ते बरं झालं," साळुबाई म्हणाली. "इतक्यात तृप्त व्हायला काय झालंय त्याला? निकाल कुठं लागलाय? गुरुजी, दर्भाचा कावळा करा, आन उरका. लोकं उपाशी हायत."

गुरुजींनी दर्भ वळला. मोटारसायकली एकेक करून बंद झाल्या. सगळ्या नाही, दोन-तीन तशाच धडधडत राहिल्या.

साळुबाईनं ते ऐकलं आणि दिराकडं वळली. "भावजी, तुमचं हितं काय काम न्हाई. बाजारपेठेत जाऊन बसा."

"आन कुनी इचारलं, का बसला, तर?"

"मला इचारता व्हय? वाट अडवायला तुमाला कधी कारन लागलंय का?"

त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत गेणभाऊ मुलाण्याच्या दुकानाच्या तोंडाशीच खोकं पालथं घालून बसून होता. दोन मोटारसायकली आल्या, त्याच्यासमोर घुटमळल्या. "काका, सरका की," एक जण म्हणाला. "पंचर काढायचीय माझी," म्हणत गेणभाऊनं तंबाखू मळायला घेतली. पोरं परत गेली. गेणभाऊकडं जन्मात कधी सायकल नव्हती.