वहिनींच्या गुडघ्याची वाटी

आमच्या मोठ्या वहिनी गुडघ्याची निसटलेली वाटी स्वतःच्या हातानं जागेवर बसवायच्या आणि ते बघून बेशुद्ध पडायचो मी. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत पाय बांधीतल्या, भातखाचरातल्या चिखलात रुतलेला असे, अंग वळे आणि वाटी बाहेरच्या अंगाला सरके. वहिनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसत, दात आवळून पाय सरळ करत आणि तळहातानं वाटी आत ढकलत. मग माझ्या तोंडावर बांधीतलं पाणी मारून म्हणत, "उठा भाऊजी! लागलं मले, अन् पडून काऊन राह्यले तुमी?"

धुऱ्यालगतची पहिली जागा त्यांची. त्यांच्या हातावर नजर ठेवून बारा बायांची ओळ सरळ चाले. ती जागा सुटेल, ही भीती त्यांना दुखण्यापेक्षा मोठी होती.

एकाच हंगामात तिसऱ्यांदा वाटी निसटली तेव्हा गुडघा टम्म सुजला. दादानं मला सोबत देऊन त्यांना चंद्रपूरला धाडलं. तपासण्या बघून डॉक्टर म्हणाले, "वाटीला आतून धरून ठेवणारा पट्टा फाटलाय. तो शिवता येतो, किंवा मांडीमागची एक कंडरा काढून नवा पट्टा करता येतो. वाटीची खाच उथळ असती तर ती खोल करावी लागली असती, नाहीतर नडगीच्या हाडाचा तुकडा सरकवून स्क्रू मारावे लागले असते. पण हाडं तुमची चांगली आहेत."

मी जाणत्यासारखी मान हलवली. "शिवूनच टाका. कापाकापी कमी."

"भाऊजी, बैलाचं जोतं तुटलं तर गाठ मारून दिवस निघते," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या हंगामाले जोतं नवंच लागते." मग डॉक्टरांकडे वळल्या. "नवा पट्टा टाका. पण मी चिखलात उभी राहीन का, तेवढं सांगा."

"व्यायाम नेमानं केलात तर. त्यात मेहनत आहे."

"मेहनतीचं मले नोका सांगू, डॉक्टरसाहेब."

ऑपरेशन झालं. बायांनी पहिली जागा रिकामी ठेवली होती, तर वहिनींनी खाटेवरून हुकूम सोडला, "भाऊजीले उभं करा तिथी!" माझी ओळ अशी गेली की कापणीपर्यंत येणारेजाणारे विचारत, "इथून रानडुक्कर गेलं का?"

वर्षभर त्या रोज पाय उचलण्याचा व्यायाम करत. मोजायचं काम माझं. माझी डुलकी लागली की आवाज येई, "बारानंतर एकदम पंधरा कसे झाले?"

पुढच्या रोवण्याला डॉक्टरांनी होकार दिला. वहिनी बांधीत उतरल्या. सगळ्या बाया त्यांच्या गुडघ्याकडे बघत होत्या, त्या मात्र ओळीकडे. मी आधीच धुऱ्यावर बसून घेतलं, पडलो तर कमी लागावं म्हणून. वहिनी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, कंबर सरळ केली आणि ओरडल्या, "भाऊजी, डोळे उघडा! वाटी हाय जागेवर!"

दोन वर्षांमागे त्या तापानं गेल्या. गुडघा शेवटपर्यंत शाबूत होता. पहिल्या जागेवर आता त्यांची सून उभी राहते. तिची ओळही तशीच सरळ जाते. रोपांची पहिली पेंडी सोडायच्या आधी ती मला हाक मारते, "काकाजी, तुमी धुऱ्यावरच बसा!"

सासूनं तिला सगळं शिकवून ठेवलंय.