उत्तरेच्या खिडकीतला फोटो

दोन बोटं हवेत धरायची, समोरच्याच्या हनुवटीपासून हातभर लांब, आणि हळूच डावीकडे न्यायची. बोटांमागे हनुवटी आपोआप वळायची. आमच्या फोटोवाल्या भाईंनी गिऱ्हाइकाला, त्यातून बाईमाणसाला, कधी हात लावला नाही. "आता श्वास सोडा बाई. हालू नोका," एवढंच म्हणायचे. चंद्रपुरात तुम्ही कधी घाईघाईने पासपोर्ट फोटो काढला असेल, तर कदाचित तुमचीही हनुवटी त्याच बोटांनी वळवली असेल.

माझं ब्लाऊज शिवायचं दुकान त्यांच्या स्टुडिओला लागून. मधे एक पातळ भिंत. गिऱ्हाईक नसलं की भाई त्या भिंतीवर टकटक करायचे आणि माझ्या कपाळाला आठी पडायची. हातातलं काम टाकून आता खिडकीशी जाऊन बसायचं, हे मला कळून चुकलेलं असायचं.

या छळाच्या मुळाशी एक पुस्तक होतं. रद्दीवाल्याकडून आणलेलं, जाडजूड, परदेशातल्या कुणा नामांकित छायाचित्रकाराचं. आतली भाषा आम्हा दोघांनाही वाचता येत नव्हती. त्यातल्या एका पानावर खिडकीशी बसलेली एक म्हातारी होती. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, आणि बघणाऱ्याला वाटावं की ही आत्ता काहीतरी बोलणार. भाईंना तसा फोटो काढायचा होता. तसा म्हणजे अगदी तसाच. ते भिंग घेऊन म्हातारीच्या बुबुळात पाहत बसायचे. तिथे खिडकीची इवलीशी चौकट दिसते. तिच्यावरून खिडकी केवढी आणि किती उंच असेल, हे त्यांनी ताडलं होतं. मग स्टुडिओची कायमची बंद असलेली उत्तरेची खिडकी त्यांनी उघडली, तिला बटर पेपर लावला, समोरून थोडा उजेड परत यावा म्हणून थर्माकोलची शीट उभी केली. आणि म्हातारीच्या जागी मला बसवलं.

सहा वर्षं बसले मी. दर खेपेला भाई कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून मान हलवायचे. "चांगला आला. पन हा तो नाई."

मला भयंकर चीड यायची. एकदा मी सुनावलंच, की ती बाई सत्तरीची, मी चाळिशीची, तिचं तोंड मी कुठून आणू? ते त्यांनी मनावर घेतलं आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकांवर प्रयोग सुरू केले. ते तर आणखी अवघड. तुम्ही पाहिलंच असेल, आपल्याकडचं माणूस फोटोला बसलं की दोन्ही कान दिसावेत म्हणून ताठ होतं. एका आजोबांनी अर्धा काळा फोटो उलटसुलट करून विचारलं, "उरलेलं तोंड काऊन नाई काढलं?" भाईंनी दुसरा काढून दिला.

मग माझी आई आली. ती तिकडे गडचिरोलीत, एटापल्लीला, माझ्या भावाकडे राहते. डोळे तपासायला तिला चंद्रपूरला आणलं होतं. भिंतीवर टकटक झाली तशी मी तिलाच पुढे केलं, आपली सुटका झाली म्हणून. आई खिडकीशी बसली. तोंडभर सुरकुत्या, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. भाईंची बोटं वळली, आई वळली, तिने श्वास सोडला. भाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी मला हाक मारली.

"बाई, हा तो हाये."

मी पाहिलं. खरंच होता. पुस्तकातली म्हातारी मला त्यापुढे परकी वाटली.

दुसऱ्या दिवशी भाई मोठी प्रिंट घेऊन आले. स्वतः आईच्या हातात दिली. आईने ती जवळ धरली, लांब धरली. "हे कोन होय?" तिने विचारलं. मग म्हणाली, "माहं गोंदन कुठी गेलं भाऊ? मेल्यावर तेवढंच तं संगं येते."

फोटो गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी कॉम्प्युटरवर साफ करायचा, ही भाईंची जन्माची सवय. डाग, पुळ्या, सुरकुत्या पुसून पुसून हात असा बसला होता की आईच्या चेहऱ्यावरूनही तो तसाच फिरला. मूळ फोटो उरला नव्हता. साफ केलेलाच त्याच्या जागी ठेवला होता, आणि कॅमेऱ्यातलं कार्ड सकाळच्या एका साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, रिकामं केलं होतं. भाईंनी आईला पुन्हा बसवलं. पण आता ती गोंदण दिसावं म्हणून हनुवटी पुढे काढून बसू लागली. पाच-सहा फोटो झाले. भाईंनी आपलं नेहमीचं वाक्यसुद्धा म्हटलं नाही.

मी मात्र खूप बोलले. सहा वर्षं माझी मान अवघडवलीत आणि जमलं त्या दिवशी स्वतःच्या हाताने पुसलंत, असं तोडून बोलले. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

दोन महिन्यांनी भाई थर्माकोलची शीट बगलेत धरून एसटीने एटापल्लीला गेले. सूरजागडच्या खाणीतून लोखंडाचा दगड वाहणाऱ्या ट्रकांमागे गाडी रखडली, गर्दीत शीटचे तीन तुकडे झाले, आणि पोचले तर आई पाहुणपणाला दुसऱ्या गावी गेलेली. फोन का नाही केला, असं मी विचारलं.

"तुमाले नंबर मागाले तोंड नोहतं बाई," ते म्हणाले.

यंदाच्या उन्हाळ्यात भाई गेले. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. स्टुडिओत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. उत्तरेच्या खिडकीवर फळ्या ठोकल्या आहेत. भिंतीपलीकडून टकटक येत नाही, तरी दुपारी माझा हात मशीनवर थांबतो.

परवा आई पुन्हा डोळे तपासायला आली. भाई गेल्याचं मी तिला सांगितलं. मी तिला दुकानाच्या दाराशी उजेडात बसवलं आणि मोबाइल काढला. मी काही सांगायच्या आत तिने हनुवटी डावीकडे वळवली, हळूहळू, समोर कुणाची तरी बोटं असावीत तशी. मग श्वास सोडला.

फोटोत गोंदणाचा ठिपका न् ठिपका आला होता. आई विचारत होती, आला का म्हणून.

"चांगला आला," मी म्हटलं. "पन हा तो नाई."

"मंग आनखी एक काढ," आई म्हणाली. "मी हालत नाई."