बाहेर न जाणारा चेंडू

चेंडू गोलच्या बाहेरून जाणार असं दिसलं, की आमचा जर्मन गोलरक्षक दोन्ही हात चटका बसल्यासारखे वर उचलायचा आणि म्हणायचा, "आउस." जर्मनमध्ये आउस म्हणजे बाहेर. गेला तो, हात लावायचा नाही. ऑफिसात माझा कागदाचा बोळा टोपलीबाहेर पडला तरी दारातून तेच हात आणि तेच "आउस."

ऐंशीच्या दशकात ओहायोतल्या एका सॉकर क्लबात मी नोकरीला होते. काम याद्यांचं. कोणाचे बूट कोणत्या पेटीत, विमानात कोण कोणाशेजारी, हॉटेलात कोण कोणाच्या खोलीत. घरी फ्रिजवरही माझी यादी असते आणि आमचे हे विचारतात, "याद्यांची यादी कुठे ठेवलीस?" तो मला 'फ्राउ लिस्टे' म्हणायचा, म्हणजे यादीबाई. मला ते आवडायचं.

त्याच्या नावापुढची नोंद अजून पाठ आहे. हातमोजे चार जोड, चिकटपट्टी दोन रिळं, पाण्याची बादली एक. मोजे ओले केले की चेंडू घट्ट धरता येतो, म्हणून बादली. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तो एकत्र बांधायचा. जर्मनीत गोलरक्षक म्हणून त्याने उमेदीची वर्षं काढली, पण वरच्या लीगमध्ये मैदानावर उतरला फक्त सात वेळा. "बाकडं मात्र मी उत्तम सांभाळलं," तो सांगायचा. "एकदाही कोणी चोरून नेलं नाही."

मग ज्या मैदानी लीगसाठी तो इथे अमेरिकेत आला होता, ती बंद पडली. कारखान्याला टाळं लागणार म्हटल्यावर जुने कामगार उगाचच जास्त हसायला लागतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. तो तसा हसत होता. वय छत्तीस. बायको त्याला सोडून गावातल्याच एका डेंटिस्टच्या घरी गेली होती. नऊ वर्षांची मुलगी तिच्याकडे, आणि आठवड्यातला शनिवार तेवढा त्याचा. करार संपला की व्हिसा संपणार, आणि व्हिसा संपला की शनिवार.

क्लबाने छपराखालचा सॉकर सुरू केला. आइस हॉकीच्या बर्फावर फळ्या टाकायच्या, वर हिरवा गालिचा, आणि भोवती छातीएवढी भिंत. कोचने त्याला स्पष्ट सांगितलं, "मोसम संपेपर्यंत बघतो. मग करार."

पहिल्याच सामन्यात चेंडू गोलच्या हातभर बाजूने गेला. त्याने हात उचलले. "आउस." चेंडू भिंतीला आपटून परत आला, तो थेट समोरच्या संघातल्या खेळाडूच्या पायात. गोल. लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. दुसऱ्या सामन्यात तेच. तिसऱ्यात दोनदा.

सोमवारी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्या दिवशी हसत नव्हता.

"फ्राउ लिस्टे, मला यादी करून दे."

"कसली?"

"मला जे येतं आणि आता विसरायचंय, त्याची."

मी कार्डावर पहिली ओळ लिहिली : काहीही बाहेर जात नाही. दुसरी ओळ आम्हाला सुचली नाही. ते कार्ड त्याने बादलीवर चिकटवलं.

रोज सकाळी संघ यायच्या आधी मी भिंतीवर चेंडू फेकायचे आणि तो प्रत्येक चेंडूवर झेप घ्यायचा. गालिच्याने कोपरं सोलून निघाली. हात आपोआप वर गेले, की तो स्वतःलाच शिवी घालायचा आणि म्हणायचा, "परत." मी वहीत खुणा करत होते. वर जाणारे हात आठवड्या-आठवड्याला कमी होत गेले. शेवटी एक पान कोरं राहिलं. ते मी त्याला दाखवलं.

मोसमाचा शेवटचा सामना शनिवारी दुपारी होता. मुलगी माझ्या शेजारी बसली होती. एक चेंडू गोलच्या बाहेरून गेला. तिथे समोरच्या संघाचा एकही खेळाडू नव्हता. परत आला असता तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. तो झेपावला. चेंडू आणि भिंत यांच्यामध्ये त्याचा डावा हात सापडला. तो आवाज आमच्यापर्यंत आला.

"पपा आउस म्हणाले नाहीत," मुलगी म्हणाली.

खेळाडूंच्या खोलीत कोच त्याला म्हणाला, "सोडायचा ना तो. तिथे होतं कोण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "यादीत होतं," तो म्हणाला, आणि मला बरं वाटावं म्हणून हसला.

तीन बोटं मोडली होती. करार झाला नाही. कोणाला घरी पाठवायचं असलं की सामान परत घ्यायची यादीही मीच करायचे. त्याची मी टाइप केली. त्याने हातमोज्यांचे चारही जोड धुऊन आणले, बादली आणली. तिच्यावरचं कार्ड मात्र काढून घेतलं होतं.

निघायच्या आधीचा त्याचा शेवटचा शनिवार. ऑफिसच्या खिडकीतून पार्किंग लॉट दिसायचा. मुलगी चेंडू मारत होती आणि तो दोन कचऱ्याच्या पिंपांमध्ये उभा होता, डावा हात प्लास्टरमध्ये. एक चेंडू चांगला चार हात बाजूने गेला. त्याचे हात वर निघाले, एक उघडा, एक पांढरा. छातीपर्यंत आले आणि थांबले.

मग तो चेंडूमागे धावत सुटला. गाड्यांच्या मधून, उतारावरून, थेट पलीकडच्या कुंपणापर्यंत. मुलगी दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याची वाट बघत उभी होती.