दादाच्या मापाची सीट

“सीट खाली घ्यायला एक पाना पुरतो हो, पण ती ज्याची आहे त्याला विचारायला नको का?” असं तो एकदा म्हणाला होता. म्हणताना त्याचा डावा हात दिव्याच्या खांबाभोवती होता आणि एक पाय हवेत लोंबत होता, त्यामुळे सगळे आधी हसले. तो हसला नाही, तेव्हा तेही हळूहळू हसायचे थांबले.

त्याला खांब्या म्हणत. सायकल त्याच्या थोरल्या भावाची, हिरवी, जड, आणि सीट इतकी उंच की बसल्यावर पाय जमिनीला पोचत नसत. सिग्नल लागला, कुणाची चेन उतरली, नुसतं कुणाला पाणी प्यायचं असलं, की हा आधी खांब शोधायचा. खांब नसला तर झाड, झाड नसलं तर कुणाच्या तरी आवाराची भिंत. काहीच नसलं तर थोडं पुढे जाऊन रस्त्यात गोल गोल फिरत राहायचा, बसायला फांदी न मिळालेल्या पाखरासारखा. पेडल खाली गेलं की त्याची कंबर त्या बाजूला झुकायची, वर आलं की दुसऱ्या. मागून पाहणाराच दमून जायचा.

मागून पाहणारी बहुतेक वेळा टेलरबाई असे. तिचं दुकान बस डेपोच्या मागे होतं, कपडे आत घ्यायचं, बाहेर सोडायचं, लांबी कमी-जास्त करायचं. नवं काही ती शिवत नसे. दिवसभर लोकांच्या अंगावर न बसणाऱ्या गोष्टी बसवून द्यायच्या, हाच तिचा धंदा. त्यामुळे ती सीट तिच्या डोळ्यांत खुपायची. खांदा उतरलेला कोट घालून एखादा माणूस वर्षानुवर्षं समोर वावरतोय आणि आपल्या हातात सुई असून आपण गप्प बसलोय, असं तिला व्हायचं. खांब्या लिफ्ट कंपनीत कामाला होता, तिथल्या गणवेशाची पँट तो एकदा तिच्याकडे लांबी कमी करायला घेऊन आला होता. तिनं मापपट्टी गळ्यात तशीच राहू दिली आणि नुसत्या नजरेनं खूण केली. पँट बरोबर बसली. त्यानंतर त्याचं कुठलंच माप तिला घ्यावं लागलं नाही. बुधवारी ती सगळ्यांच्या मागे राहायची, ते आपल्याला चढ झेपत नाही म्हणून, असं ती सांगायची. चढ तिला झेपत होता.

दर बुधवारी कामं आटोपली की ही चार माणसं सायकली काढायची. सगळ्यांत पुढे मास्तर. ते शाळेत भूगोल शिकवत आणि रस्ता हमखास चुकत. त्यांच्यामागे बेकरीवाला, ज्याच्या वजनाला टायर कंटाळले होते. मग खांब्या, मग ती. नदीच्या कडेनं, जुन्या कारखान्याला वळसा घालून, रेल्वे फाटक ओलांडून परत, आणि शेवटी कोपऱ्यावरच्या बारमध्ये एकेक बिअर. बारवाला हात धुवायला दाराशी साबण आणि बादली ठेवायचा, कारण ग्रीस न लागलेले हात घेऊन ही मंडळी कधी आलीच नव्हती.

त्यांचा एक नियम होता. बिघडलेली सायकल तिच्या मालकानं दुरुस्त करायची नाही. त्यानं बाजूला व्हायचं, बॅटरी धरायची किंवा दुसऱ्या कुणाचं काम करायचं. नियम मास्तरांमुळे झाला. एकदा त्यांची चेन सारखी उतरत होती, तेव्हा रागाच्या भरात त्यांनी स्वतःच्याच चाकाला अशी लाथ घातली की सायकल खांद्यावर घेऊन घरी जावं लागलं. आपल्या वस्तूवर माणूस जास्त चिडतो, दुसऱ्याच्या वस्तूला जपून हात लावतो, असं तेव्हा ठरलं, आणि सगळ्यांनी ते पाळलं.

त्या बुधवारी खांब्या दाढी करून आला होता. सायकलही पुसली होती.

“काय रे, पोरगी बघायला चाललायस की काय?” बेकरीवाला म्हणाला.

“दादा येतोय.”

दादा हा शब्द त्याच्या तोंडून त्यांनी इतक्यांदा ऐकला होता की त्याला चेहरा असेल हे जणू विसरूनच गेले होते. दादा बोटीवर नोकरीला गेला तेव्हा हा शाळेत होता. जाताना सायकल याच्या हवाली केली आणि म्हणाला, सीटला हात लावू नकोस, मी येतोच आहे. नंतर दादानं बोट सोडली, परक्या गावी घर केलं, संसार थाटला. आई गेली तेव्हा फोन आला, माणूस आला नाही. सीटला कुणी हात लावला नाही. पोरगा दांड्याखालून पाय घालून सायकल चालवायला शिकला, मग वाढला, आणि जेमतेम पेडलपर्यंत पोचेल इतका वाढून थांबला.

“कुठे उतरलाय?” मास्तरांनी विचारलं.

“हॉटेलात. कामासाठी आलाय. सकाळी परत. पण संध्याकाळी बारमध्ये येतो म्हणाला. मी म्हटलं, सायकल घेऊन येतो.” मग जरा थांबून, “बसेल एकदा.”

टेलरबाईला तो आवाज ओळखीचा वाटला. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या बायका जुना ब्लाउज घेऊन येतात आणि, बसेल ना हो, म्हणतात, तेव्हाचा.

मास्तर आज कारखान्यापाशी चुकले. डावीकडे वळायचं ते उजवीकडे वळले आणि सगळी वरात खडीच्या रस्त्यावर आली. बेकरीवाल्याचं मागचं टायर आधी बसलं. तो उतरतो न उतरतो तोच पुढे खाडकन आवाज झाला, आणि खांब्या सीटसकट वाकडा होऊन कुंपणावर आदळला. लागलं काही नाही. सीटचा बोल्ट तुटला होता, सीट फिरून मागे पाहत होती.

“बघा, मास्तरांचा भूगोल,” बेकरीवाला म्हणाला.

“रस्ता नकाशात आहे,” मास्तर म्हणाले.

“नकाशात खडी दिसत नाही वाटतं?”

खांब्यानं आपल्या सायकलकडे हात नेला. मास्तर म्हणाले, “ए, नियम.” त्यानं हात मागे घेतला आणि टेलरबाईकडे वळला. “ताई, तुम्ही बघता का? तोवर मी याचं पंक्चर काढतो.” आणि जाता जाता मान न वळवता म्हणाला, “बोल्टच फक्त.”

हे तिनं ऐकलं. नीट ऐकलं.

हत्यारांच्या पिशवीत जाडसर नवा बोल्ट होता. सीटची नळी जिथे सायकलीत शिरते तिथे काळी टेप गुंडाळलेली होती, जुनी, कडक, मेलेल्या मुंग्या चिकटलेली. हीच दादाची खूण. तिनं मागे पाहिलं. तो पलीकडे ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता, आणि ओणवा होऊनही सारखा रस्त्याच्या टोकाकडे बघत होता, कुणी येतंय का. इतक्या वर्षांनी भाऊ येणार आणि याला खांबाला मिठी मारलेला पाहणार, असं तिच्या मनात आलं. आपल्या दुकानातून कुणी गिऱ्हाईक असं बाहेर पडलं असतं तर? टेप तिनं नखानं सोडवली. फेकली नाही, चिंधी कधी फेकायची नाही ही तिची सवय, गुंडाळून खिशात ठेवली. नळी आत सरकवली. किती, ते मोजायची गरज नव्हती. मग बोल्ट कचकन आवळला.

तो आला, सायकल धरली, पाय टाकून बसला. आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले.

तिला वाटलं ओरडेल, निदान विचारेल. तो खाली आपल्या बुटांकडे पाहत राहिला, दुसऱ्याच कुणाचे पाय पाहावेत तसा.

“टेप आडवी येत होती,” ती म्हणाली.

“हं.”

“परत वर घेऊ का?”

“उशीर होईल,” तो म्हणाला. “तो येऊन बसला असेल.”

मग ते निघाले. पहिल्या वळणापर्यंत त्याची कंबर सवयीनं झुकत होती. मग थांबली. पाय पुरे पसरायला लागले, पाठ सरळ झाली, आणि चढावर त्यानं बेकरीवाल्याला मागे टाकलं, मग मास्तरांनाही. बेकरीवाला मागून ओरडला, “अरे, याला कुणीतरी आवरा.” त्यानं मागे पाहिलं नाही. टेलरबाई शेवटीच होती. तिच्यापुढे आता बेकरीवाल्याची रुंद पाठ होती, त्यापुढे मास्तरांची टोपी, आणि त्यांच्याही पुढे एक लहान लहान होत जाणारा मागचा लाल दिवा. कपडा नीट बसला की गिऱ्हाईक दुकानातून निघून जातं, एवढं साधं गणित तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

फाटकापाशी ते सगळे पुन्हा एकत्र आले. मालगाडी जात होती. तो दोन्ही पाय टेकून उभा होता आणि त्याचा डावा हात बाजूला, हवेत, खांब असायला हवा होता तिथे, तसाच पसरलेला होता.

बारमध्ये दादा आधीच येऊन बसला होता. भिंतीशी, एक पाय टेबलाबाहेर लांब सोडून. केस पांढरे, अंगावर चांगल्या कापडाचा कोट, कोपरांशी चकाकी आलेला. तो उठला तेव्हा टेबलाला धरून उठला. दोघे भाऊ समोरासमोर उभे राहिले आणि टेलरबाईनं, नको नको म्हणताना, नजरेनं मापं घेतली. कमरेपासून टाचेपर्यंत दोघं सारखे होते. बोटभरही फरक नव्हता.

“अरे, केवढा झालास!” दादा म्हणाला.

“झालो,” खांब्या म्हणाला. “कधीच.”

हात धुऊन सगळे बसले. बिअर आली. दादा गमतीचा माणूस निघाला. मास्तरांना बंदरांची नावं विचारू लागला, बेकरीवाल्याला म्हणाला, सकाळी हॉटेलात खाल्ला तो पाव तुमचा असेल तर तोंड दाखवू नका. खांब्या ग्लास न उचलता त्याच्याकडे बघत होता. लहानपणी उंबऱ्यावर बसून हा भावाकडे असंच बघत असणार, असं तिला वाटलं.

बेकरीवाल्यानं मग सगळं सांगितलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. “तुमच्यापायी, दादा, हा इतकी वर्षं गावचे खांब कवटाळत फिरतोय. गावाच्या लिफ्टा खालीवर करतो, पण स्वतःची सीट खाली घेईल तर शपथ. दादाचं माप आहे म्हणे.”

“माझं माप?” दादा हसू लागला. “अरे, कसलं माप? त्या बोल्टचे आटे गेले होते. सीट घसरायची, म्हणून मी टेप गुंडाळून ठोकून बसवली, ती वरच अडकली. खाली जाईना, वर येईना. मीसुद्धा खांबच शोधायचो की.”

मास्तर हसले. बेकरीवाल्यानं टेबलावर हात मारला. “म्हणजे खांबे दोन.”

“तू म्हणालास हात लावू नकोस,” खांब्या म्हणाला. आवाज हळू होता.

“म्हणालो असेन. हात लावला असतास तर तुटला असता ना बोल्ट.”

“मी येतोच आहे म्हणालास.”

“तेही म्हणालो असेन.” दादा आता हसत नव्हता. त्यानं लांब सोडलेल्या पायावर हात फिरवला. “हा खुबा बदलला. डॉक्टर म्हणतो, खुर्चीवरसुद्धा जपून बसा. सायकल कसली आता.”

टेलरबाईनं खिशातून टेपची गुंडाळी काढली आणि खांब्याच्या ग्लासाजवळ ठेवली. पानाही तिथेच ठेवला. हवं तर आत्ता बाहेर जाऊन पुन्हा वर घेऊ, एवढंच तिला म्हणायचं होतं. तो दोन्हींकडे पाहत राहिला. बिअरवरचा फेस केव्हाच बसला होता.

दादा खिडकीकडे वळला. बाहेर चारी सायकली काचेला लागून ओळीनं उभ्या होत्या, त्यांच्यावर बारचा पिवळा उजेड पडला होता. “पण ठेवलीयेस छान हं,” तो म्हणाला. “चकचकीत. ती निळी ना?”

निळी मास्तरांची होती.

कुणी सांगितलं नाही. बेकरीवाल्यानं दाणे चिवडले, मास्तरांनी टोपी काढून पुन्हा घातली. खांब्यानं भावाकडे पाहिलं, रागानं नव्हे. दूर जाणाऱ्या गाडीतली खिडकी कोणती ते आता ओळखू येत नाही, अशा वेळी माणूस पाहतो तसं. मग तो उठला. टेपची गुंडाळी त्यानं शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून बटण लावलं. पाना बोटानं टेलरबाईकडे सरकवला. खुर्ची नीट आत लोटली, आणि दाराशी ठेवलेली बादली ओलांडून बाहेर पडला.